कडू कवठीचं तेल आणि डॉ. भाऊ दाजी लाड

लोणावळ्यात राहून राजमाचीला गेला आणि पायाला फोड आला नाही, असा हॉस्टेलवाला शोधून सापडायचा नाही! पण तो फोड आठवड्यात बरा होतो. दुखतो म्हणून आपण लंगडतो, पाय जपतो. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. दुखतच नाही, मग माणूस जखमेवरच चालत राहतो आणि ती वर्षानुवर्षं भरत नाही. या जखमांविषयी वाचताना मला डॉ. भाऊ दाजी भेटले.

राणीबागेतल्या म्युझियमला १९७५ पासून त्यांचंच नाव आहे. मूळ गाव गोव्यातलं मांद्रे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर. गोरगरिबांना फुकट तपासत. पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. संस्कृत उत्तम, त्यामुळे जुने वैद्यकग्रंथ स्वतः वाचत. पण पोथीत आहे म्हणून खरं, असं नाही; रुग्णावर पारखून बघत.

कुष्ठरोगासाठी त्यांनी कडू कवठीच्या बियांचं तेल निवडलं. हे झाड आपल्या कोकण-सह्याद्रीतलंच! तेल पोटातही द्यायचं आणि अंगालाही लावायचं. औषध कोणतं, हे मात्र त्यांनी गुपित ठेवलं. त्यावर टीका झाली. १८७४ साली ते गेले आणि काम अर्धवट राहिलं.

मला चुटपुट लागते ती इथे. उघड केलं असतं, तर दहा जणांनी तपासलं असतं, पुढे नेलं असतं. त्याच कुळातल्या चौलमोगरा तेलापासून टोचता येणारं औषध १९१५ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुणीनं तयार केलं.

आज जंतू गोळ्यांनी मरतात, पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून जखमेला सगळं एकत्र लागतं : सफाई, मेलेलं कातडं काढणं, ओलावा राखणारं ड्रेसिंग आणि तळव्यावरचा भार कमी करणारं प्लास्टर किंवा मऊ चप्पल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण घोकलेलं सूत्र! दाब हटला नाही, तर महागातलं मलमही वाया. मधुमेह्यांच्या बधिर पायाचंही तेच.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्ट शोधताय ना? तळव्यावरचा दाब दाखवणारी स्वस्त चप्पल करून बघा. आणि जमली, तर डिझाइन कपाटात ठेवू नका... सगळ्यांना दाखवा!