आंधळ्या डोळ्यांचे सूर्यस्तवन

देवाचे गुण सुखात कोणीही गाईल. पोट भरलेले, अंग धड, घरात चार माणसे आनंदात, मग तोंडी नाम यायला काय उशीर? खरी परीक्षा देह साथ सोडू लागतो तेव्हा. त्या परीक्षेत उतरलेल्या एका ख्रिस्ती सत्पुरुषाचे चरित्र आज थोडक्यात सांगतो.

इटली देशात असिसी नावाचे गाव आहे. तेथे पिएत्रो बेर्नार्दोने या कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी सुमारे ११८१ साली फ्रान्सिस जन्मला. तरुणपणी उंची वस्त्रे, मित्रांच्या मेजवान्या, गाणे-बजावणे यांत तो रमलेला. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजा शहराशी लढाई झाली, तीत तो पकडला गेला आणि वर्षभर कैदेत पडला. सुटला तो आजार घेऊनच. तेथून मन पालटले. महारोग्यांची त्याला पूर्वी किळस येई. आता तो त्यांची सेवा करू लागला. बापाचा संताप अनावर झाला. तेव्हा बिशपासमोर, भर लोकांत, अंगावरचे कपडे उतरवून त्याने बापाच्या स्वाधीन केले आणि परमेश्वरालाच पिता मानले. पुढे सोबती मिळाले, भिक्षावृत्तीचा पंथ उभा राहिला. १२१९ साली धर्मयुद्धाच्या धुमाळीत तो इजिप्तला गेला आणि सुलतान अल-कामिल याला निःशस्त्र भेटून आला.

त्या प्रवासाहून परतला तो डोळ्यांचा विकार घेऊन. १२२५ साली सान दामियानो येथे एका झोपडीत तो पडून होता. दिवसा ऊन सोसवेना, रात्री विस्तवाचा उजेड सोसवेना. उंदीर अंगावरून धावत, झोप लागू देत नसत. आणि बरे का, अशा अवस्थेत त्याने स्तोत्र रचले ते सूर्याच्या निमित्ताने देवाच्या स्तुतीचे! जो प्रकाश डोळ्यांना काट्यासारखा बोचतो, त्यालाच त्याने भाऊ म्हटले. चंद्र-तारका बहिणी, वारा भाऊ, पाणी बहीण, पृथ्वी माता. हे त्याने पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या मुलखाच्या बोलीत गायिले. लोकभाषेत गाण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढे वैद्यांनी तापल्या लोखंडाने कानशिलाजवळ डाग दिला. सोबती पाहवेना म्हणून पळाले. फ्रान्सिसाने मात्र अग्नीलाही भाऊ म्हणून सौम्य होण्याची विनवणी केली. त्याच सुमारास असिसीचा बिशप आणि नगराधिकारी यांचे वितुष्ट आले, तेव्हा क्षमा करणाऱ्यांविषयीचे एक कडवे स्तोत्रात घालून त्याने ते दोघांपुढे गाववले. दोघांचे मन वितळले, समेट झाला.

मरण जवळ आल्याचे वैद्याने सांगितल्यावर तर त्याने मृत्यूलाही बहीण म्हणून स्तोत्रात जागा दिली. तो सोबत्यांकडून ते वारंवार गाववून घेई. एलियास या प्रमुख शिष्याला चिंता पडली, की मरणाच्या दारी साधू गातो, हे पाहून लोक काय म्हणतील? फ्रान्सिसाने गाणे थांबवले नाही. त्याच्या लेखी लोकांपुढे गंभीर दिसणे हा धर्म नव्हता. ज्याने देह दिला त्याच्याकडे परत जाताना रडावे कशाला?

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी, उघड्या भुईवर निजवून घेऊन, त्याने देह ठेवला. वय जेमतेम चव्वेचाळीस-पंचेचाळीस. दोनच वर्षांनी पोपने त्याला संतपद दिले.

वाचकहो, त्याचे दुखणे गाण्याने बरे झाले नाही, दृष्टीही परत आली नाही. म्हणजे ही स्तुती काही मिळवण्यासाठी नव्हती, सौदा नव्हता. आपल्या अंथरुणाला खिळण्याच्या दिवसांत एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.