लाल सोन्याचे कोडे सोडवणारे मायकेल फॅरडे

सोन्याचा रंग कोणता असे विचारले, तर तुम्ही चटकन 'पिवळा' म्हणाल. पण सोने लाल दिसते आणि निळेही! असे का होते, याचा शोध घेणाऱ्या मायकेल फॅरडे यांची ही ओळख.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. गरिबीमुळे शाळा फारशी लाभली नाही. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून काढू लागले. १८१२ मध्ये त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे नीट बांधून त्यांनाच पाठवली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. १८३१ मधील त्यांच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शोधावर आजची वीजनिर्मिती उभी आहे.

साठी उलटली, स्मरणशक्ती साथ देईना, तरी त्यांची जिज्ञासा कायम होती. सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला की हिरवट दिसतो. मग सोन्याचे आणि प्रकाशाचे नाते काय? त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवली. पाणी माणकासारखे लाल झाले. सूक्ष्मदर्शकातून त्यात कण दिसेनात. तरीही फॅरडे यांनी प्रकाशाचा झोत सोडला, आणि पाण्यात झोताची वाट उजळली. म्हणजे कण होते! थोडे मीठ टाकताच कण एकमेकांना चिकटले आणि लाल पाणी निळे झाले. धातू तोच, बदलले ते कणांचे आकारमान. हे सारे त्यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले.

या रंगांमागचे गणित १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडले. सुमारे २० नॅनोमीटरचे सुवर्णकण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून पाणी लाल दिसते. कण १०० नॅनोमीटरपर्यंत वाढले की ते पिवळ्या प्रकाशाकडचा भाग अधिक शोषतात आणि रंग जांभळट होतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! कोरोनाच्या घरगुती चाचणीत अनेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ अशाच सुवर्णकणांची असते.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडे यांचे निधन झाले. त्यांनी तयार केलेल्या सुवर्णद्रवाच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाहीच, असे न म्हणता पुरावा शोधावा, हा धडा आपण त्यांच्याकडून घेऊया.