खाशाबा आणि यादीतून गळलेले नाव

मंगाईची यात्रा होऊन महिना-दीड महिना उलटला, पावसाने जरा उघडीप दिली, की आमच्या वडगावात फुटबॉलचे वारे वाहू लागतात. एरवी गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. या दिवसांत त्यात संध्याकाळच्या चेंडूचा आवाज मिसळतो. आमचे कॉलेज लहान. मैदान आहे, पण एका कोपऱ्यात आश्विनापर्यंत चिखल हटत नाही. गोलाच्या जाळ्या दरवर्षी दुरुस्त कराव्या लागतात. तरीही हंगामाचा पहिला शनिवार-रविवार म्हणजे आमच्याकडे सणच. दोन दिवस दोन मैत्रीपूर्ण सामने होतात आणि मग खरा हंगाम सुरू होतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतून आरडाओरडा चाललेला असतो, आणि गोल झाला की कोण कुठल्या भाषेत ओरडले हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

गेली काही वर्षे जिमखान्याचे काम माझ्याकडे आहे. यंदाच्या संघाची यादी मीच केली. त्या यादीतून मी एक नाव खोडले. मुलगा दुसऱ्या वर्षाचा, अंगाने अगदी काटकुळा. घरी यंत्रमाग आहेत आणि रात्रीची पाळी बहुधा त्याच्याच वाट्याला येते. सरावाला यायचा तेव्हा डोळे तारवटलेले असत. धावायचा चांगला, पण समोरून एखादा दांडगा बचावपटू आला तर हा मोडून पडेल असे मला वाटले. त्याच्या भल्यासाठीच नाव खोडतो आहे, अशी मी मनाची समजूतही घातली. शनिवारच्या सामन्यात तो रेषेबाहेर पाण्याची बादली घेऊन उभा होता. आम्ही दोन गोलांनी हरलो. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही.

त्याच रात्री मी आपल्या वार्षिकांकासाठी लेखाची टिपणे काढायला बसलो. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्यावर लिहायचे मी संपादकांकडे कबूल केले होते. लिहिता लिहिता त्यांच्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत आलो आणि माझा हात थबकला. का थबकला, ते पुढे येईलच. आधी खाशाबांचे चरित्र सांगतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. कृष्णा-कोयनेच्या संगमाचा हा मुलूख. हीच कृष्णा पुढे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहते. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांतले खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाडा असल्यामुळे डावपेचांची बाराखडी त्यांनी वडिलांच्या हाताखाली गिरवली. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चले जाव चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता. शाळकरी वयाच्या खाशाबांनीही त्या वेळी भूमिगत कार्यकर्त्यांना साह्य केले आणि पत्रके वाटली.

पुढे कॉलेज शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. आपल्या वडगावशेजारी खासबाग आहे, तसे कोल्हापुरातही खासबाग आहे. तिथले कुस्तीचे भव्य मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले. त्याच गावात पुढे फुटबॉलचेही वेड शिरले, आणि गंमत अशी, की तिथल्या नामांकित फुटबॉल संघांची नावे आजही तालमींचीच आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांनीच चेंडूही पायाशी घेतला. म्हणून फुटबॉलच्या दिवसांत मी कुस्तीगिराची कथा सांगत आहे, यात मला काही विसंगत वाटत नाही.

राजाराम कॉलेजात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. पण कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धांची वेळ आली तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीत उतरू दिले नाही. कारण एकच, हा मुलगा दिसायला किरकोळ. पैलवान म्हणजे भरदार छाती आणि खांबासारख्या मांड्या, अशी त्या काळी समजूत होती. खाशाबांचे बळ चपळाईत आणि डावांच्या जाणकारीत होते. ते वरून दिसणारे नव्हते. खाशाबा गप्प बसले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मागितली. प्राचार्यांनी ती दिली. मग या किरकोळ मुलाने आपल्याहून धिप्पाड गडी एकामागून एक चीत केले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला उलथवून टाकण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पुढे लोक त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणू लागले.

माझा हात थबकला तो इथे. क्रीडाशिक्षकांच्या जागी मला मी दिसलो.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. सारा जन्म लाल मातीत कुस्ती खेळलेल्या या तरुणाला तिथे गादीवर खेळायचे होते, तेही आंतरराष्ट्रीय नियमांनी. मातीत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, तिथे गुण मोजले जातात. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना थोडेफार शिकवले. एवढ्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. आपल्याकडे सहाव्या क्रमांकाला कोणी हार घालत नाही. पण खाशाबांना त्या सहाव्या क्रमांकात पुढची वाट दिसली. परत आल्यावर त्यांनी वजनगट बदलला, मेहनत वाढवली, आणि चार वर्षे हेलसिंकी हे एकच नाव डोळ्यांसमोर ठेवले.

ती वाटही सरळ नव्हती. निवडीच्या वेळी गुण देताना आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली, आणि बंगालचे निरंजन दास यांना चीत करून खाशाबांनी आपली जागा मिळवली. प्राचार्यांच्या दारात उभा राहिलेला मुलगा या वेळी महाराजांच्या दारात उभा राहिला होता. मागायचे ते भीक म्हणून मागायचे नाही, संधी म्हणून मागायचे, ही त्यांची रीत होती.

जागा मिळाली, पण जाण्याचे भाडे कुठून आणायचे? सरकारदरबारी हेलपाटे झाले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरीही रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बा. ह. खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ साली ७,००० रुपये म्हणजे केवढी रक्कम, हे आमच्या प्राध्यापक मित्रांनी आपापल्या आजोबांच्या पगाराशी ताडून पाहावे. खर्डेकर सर हे काही कुस्तीचे वस्ताद नव्हते. विद्यार्थ्याच्या अंगी काय आहे हे त्यांनी एकदा पाहिले होते आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला होता, एवढेच.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो वजनगटात फ्रीस्टाइल कुस्ती खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली. पुढे गाठ पडली ती जपानचे शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मादबेयोव्ह यांच्याशी. त्यांतल्या एका दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळायची ती विश्रांती न देताच त्यांना लगोलग दुसऱ्या कुस्तीला उभे केले गेले. त्यांच्या बाजूने हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दोन्ही कुस्त्या त्यांनी गमावल्या. इशिई यांना सुवर्ण मिळाले, मम्मादबेयोव्ह यांना रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या नावावर कांस्यपदक लागले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने हॉलंडचा ६-१ असा पराभव करून सुवर्ण जिंकले. देशाने तो आनंद साजरा करावा हे योग्यच होते. पण त्या जल्लोषात खाशाबांचे कांस्य झाकोळून गेले.

गाव मात्र विसरले नाही. कराड स्टेशनावर त्यांना घ्यायला १५१ बैलगाड्या गेल्या होत्या असे सांगतात. स्टेशनापासून गावापर्यंतच्या एरवी थोडक्या वेळाच्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. आणि सत्काराचे हार सुकण्याआधी खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकर सरांचे घर सोडवले. मला विचाराल तर पदकापेक्षा ही कुस्ती मोठी. या कुस्तीची नोंद ऑलिंपिकच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

पुढचे आयुष्य तसे साधेच गेले. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. बढतीसाठी त्यांना फार वर्षे थांबावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले. लिएंडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक यायला तर २००८ साल उजाडले.

आपल्या बेळगावलाही हे नवे नाही. इथले फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आज आपल्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे? आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहायला गर्दी करणाऱ्या आपल्या गावाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

टिपणे संपली तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. कुठल्या तरी घरातले माग अजून चालू होते. कदाचित त्याच्याच घरचे असतील. एक गोष्ट मला राहून राहून टोचत होती. खाशाबा प्राचार्यांकडे गेले. आमचा विद्यार्थी कोणाकडेच गेला नाही. तो भित्रा आहे म्हणून नव्हे. दार ठोठावले तर ते उघडेल असे आम्ही त्याला कधी दाखवलेच नव्हते. शिवाय खाशाबांचे दार अडवणारा एक आणि उघडणारा दुसरा होता. इथे दोन्ही कामे माझ्याचकडे होती, आणि मी फक्त पहिले केले होते.

रविवारी सकाळी मी यादी पुन्हा लिहिली. सामन्यापूर्वी त्याला बोलावून सांगितले, की नाव खोडण्यात माझी चूक झाली. त्याने मान खाली घातली आणि बादली दुसऱ्याकडे देऊन बूट बांधायला घेतले. बूट त्याचे नव्हते, मित्राचे होते, एका आकड्याने मोठे. उत्तरार्धात मी त्याला डाव्या बगलेवर उतरवले. त्याने गोल केला नाही. दोनदा तो समोरच्या दांडग्या गड्यावर आपटून चिखलात पडला आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात गोळा आला. पण तो उठला आणि पंचांची शेवटची शिट्टी होईपर्यंत धावत राहिला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आमचा गोल झाला त्याच्या आधीचा चेंडू मात्र त्याच्या पायातून गेला होता.

त्यावरून तो पुढे मोठा खेळाडू होईल असे भाकीत मी करणार नाही. खाशाबा शंभर वर्षांत एखादाच होतो. पण आपल्या हातात यादी असते तेव्हा समोरच्या मुलाच्या अंगी काय आहे ते पाहायला त्याला निदान एकदा मैदानात उतरवावे लागते, एवढे मी या शनिवार-रविवारी शिकलो. विद्यार्थी मित्रहो, तुमचे नाव एखाद्या यादीतून गळले असेल तर गप्प राहू नका. आणि माझ्या प्राध्यापक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाने घर गहाण ठेवावे असे मी म्हणत नाही. दार तेवढे उघडे ठेवू या.

त्या मुलाची रात्रपाळी अजून चालूच आहे. सरावाची वेळ मात्र आम्ही त्याच्यासाठी अर्ध्या तासाने पुढे ढकलली आहे.