इम्रे नॉज : आपल्याच पक्षाने फासावर चढवलेला सुधारक

हंगेरीचे माजी पंतप्रधान इम्रे नॉज यांना १६ जून १९५८ रोजी फाशी देण्यात आली. फाशी देणारे त्यांच्याच पक्षातले लोक होते. हुकूमशाही आपल्या घरातल्या सुधारकालाही सोडत नाही, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी या माणसाचे आयुष्य अभ्यासले पाहिजे.

नॉज यांचा जन्म १८९६ साली कापोश्वार येथे शेतकरी मुळाच्या गरीब घरात झाला. पहिल्या महायुद्धात ते रशियाच्या कैदेत सापडले आणि तेथेच कम्युनिस्ट झाले. पुढे अनेक वर्षे मॉस्कोत काढून ते मायदेशी परतले. १९४५ साली कृषिमंत्री या नात्याने त्यांनी बड्या जमीनदारांच्या जमिनी वाटल्या. सहा लाखांहून अधिक कुटुंबांना जमीन मिळाली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला स्वतःचा तुकडा मिळणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

परंतु नॉज निष्कलंक नव्हते. हुकूमशहा राकोशीच्या राजवटीत शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य वसूल करणारे खातेही त्यांनी सांभाळले. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर जुलै १९५३ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा मात्र त्यांनी बंदिछावण्या बंद केल्या आणि शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीतून बाहेर पडण्याची मुभा दिली. १९५५ साली राकोशी गटाने त्यांना सत्तेवरून आणि पक्षातूनही काढले.

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टची जनता रस्त्यावर उतरली आणि नॉज पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांनी बहुपक्षीय राजवट मान्य केली. १ नोव्हेंबरला वॉर्सा करारातून बाहेर पडून देश तटस्थ असल्याचे जाहीर केले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. सुमारे २,५०० हंगेरियन मारले गेले, सुमारे दोन लाख परागंदा झाले. नॉज यांनी युगोस्लाव्ह वकिलातीत आश्रय घेतला. सुरक्षेची हमी मिळाल्यावर ते बाहेर पडताच त्यांना पकडण्यात आले. बंद दाराआड खटला चालला. त्यांनी दयेची याचना केली नाही. त्यांचे प्रेतही निनावी कबरीत पालथे पुरण्यात आले.

१६ जून १९८९ रोजी लाखोंच्या उपस्थितीत त्यांचा सन्मानाने दफनविधी झाला. सहा शवपेट्यांपैकी सहावी रिकामी होती, ती अनाम हुतात्म्यांसाठी. त्या सभेत सोव्हिएत फौजा परत पाठवण्याची मागणी करणारा २६ वर्षांचा तरुण होता व्हिक्टर ओर्बान.

खरा धडा पुढेच आहे. हाच ओर्बान २०१० साली दोन-तृतीयांश बहुमताने पुन्हा सत्तेवर आला. २०११ साली त्याने केवळ स्वतःच्या आघाडीच्या मतांवर नवे संविधान लादले, घटना न्यायालयाचे अधिकार छाटले, प्रसारमाध्यमे मुठीत घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये संसदेजवळचा नॉज यांचा पुतळाही हटवून दुसरीकडे नेण्यात आला. २०२२ साली युरोपीय संसदेने हंगेरीला पूर्ण लोकशाही मानण्यास नकार दिला.

राकोशीला रणगाड्यांचा आधार लागत होता, ओर्बानला मतपेटी पुरली. हुतात्म्याच्या शवपेटीसमोर भाषण करणारा त्याच्या विचाराचा वारस असतोच असे नाही. विभूतिपूजेतून हुकूमशाही जन्मते, हा इशारा बाबासाहेबांनी १९४९ सालीच संविधान सभेत दिला होता. म्हणून पुतळे जपण्याइतकेच न्यायालय, संसद आणि वृत्तपत्र जपणे हेही चळवळीचे काम आहे. संस्था मोडल्या की पुतळे हलवायला एक रात्र पुरते.