न बोलणाऱ्या नागरिकाचा चित्रकार

वृत्तपत्राचे पहिले पान हे बहुधा चिंतेचे पान असते. युद्धे, अपघात, भाववाढ आणि पुढाऱ्यांची भाषणे यांनी व्यापलेल्या त्या पानावरील एखादा लहानसा चौकोन वाचकाला क्षणभर हसवतो आणि उरलेल्या बातम्यांना सामोरे जाण्याचे बळ देतो. भारतीय वृत्तपत्रसृष्टीत हे काम सुमारे अर्धशतक नित्यनेमाने करणारे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जाऊन आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही धोतर, चौकड्यांचा कोट, नाकावर चष्मा आणि टकलाच्या कडेला उरलेले चार केस अशा थाटातला त्यांचा ‘कॉमन मॅन’ पाहिला, की हा गृहस्थ आपल्याच कचेरीतून सेवानिवृत्त झाला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. या आपलेपणाचे मूळ कशात आहे, हे त्यांच्या जीवनक्रमावरून उमगते.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजी म्हैसूर येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, तर थोरले बंधू आर. के. नारायण पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून विख्यात झाले. घरातील जमीन आणि भिंती हीच या मुलाची पहिली चित्रवही. शाळेत काढलेल्या पिंपळाच्या पानाला गुरुजींनी शाबासकी दिली आणि आपण चित्रकारच होणार, हे त्याने मनाशी पक्के केले. शिक्षकाच्या एका कौतुकाच्या शब्दाचे मोल केवढे असते, हे शिक्षकबंधूंना निराळे सांगावयास नको. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने मात्र त्यांना प्रवेश नाकारला. कलाशाळेचा शिक्का न लागताच ते म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पोटापाण्यासाठी मुंबईस आले. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये बाळ ठाकरे हे त्यांचे सहकारी होते. तेथून ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि तेथेच स्थिरावले.

१९५१ साली त्यांचे ‘यू सेड इट’ हे दैनंदिन चौकटचित्र सुरू झाले. प्रारंभी भारतीय जनता दाखवावयाची, तर बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी असा सारा मेळावा ते कागदावर उभा करीत. परंतु दैनिकाची घाई मोठी निर्दय असते. वेळ वाचवण्यासाठी एकेक आकृती गळत गेली आणि अखेरीस एकच मनुष्य उरला. कोणत्याही एका प्रांताचा नसलेला आणि म्हणूनच सर्वांचा! कोट्यवधींच्या देशाला एक चेहरा मिळाला तो असा, रोजच्या कामाच्या रेट्यातून.

हा मनुष्य कधीही बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची पत्नी तर स्पष्टच बोलते. तो केवळ उपस्थित असतो. चंद्रावर पाठवण्यास योग्य माणूस म्हणून शास्त्रज्ञ याचीच निवड करतात, कारण अन्नपाण्यावाचून राहण्याची सवय त्याला आधीपासूनच आहे, अशा आशयाचे त्यांचे एक चित्र फार गाजले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बीड जिल्ह्यातील वाचकाला त्या विनोदाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. येथे हसू येते आणि त्याच क्षणी काही बोचतेही. मात्र ही बोच सत्तेला उद्देशून असते, दुर्बळाला नव्हे. लक्ष्मण पुढाऱ्यांची नाके लांबवीत, पोटे फुगवीत. परंतु त्या रेषेत द्वेष नसे.

हे सारे इंग्रजी दैनिकातले. मग गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. परंतु लक्ष्मण यांची रेषा इंग्रजीच्या कुंपणात अडकून राहिली नाही. एशियन पेंट्ससाठी त्यांनी १९५४ मध्ये काढलेला खोडकर ‘गट्टू’ रंगाच्या डब्यांवर बसून खेडोपाडी गेला. नारायण यांच्या कथांवरील ‘मालगुडी डेज’ दूरदर्शनवर आली तेव्हा तिच्यासोबत त्यांची रेखाटने घराघरांत पोहोचली. त्यांच्याच कल्पनेतून साकारलेल्या, १९८८ च्या ‘वागले की दुनिया’तील मराठी नोकरदार तर कारकून वर्गाला आपला सहकारीच वाटला.

या थोर कलावंताला वंदन करतानाही एक प्रश्न विचारणे अवश्य आहे. कोट घालणारा हा मध्यमवर्गीय मनुष्य खरोखरच सर्वांचा प्रतिनिधी होता काय? दरवर्षी कोयता घेऊन बिऱ्हाडासह साखर कारखान्याच्या वाटेला लागणारा आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड मजूर त्या कोटात मावतो काय? पूर्णपणे मावत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. दुसरे असे, की मौन चित्रात शोभते. नागरिकाने मात्र ते सद्गुण समजू नये. १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रणे लादली गेली आणि न बोलण्याचीच सक्ती झाली. १९७७ मध्ये याच न बोलणाऱ्या माणसाने मतपेटीतून आपले म्हणणे मांडले. लक्ष्मण यांच्या नायकाच्या मौनाचा अर्थ संमती असा नव्हता. तो साक्षीदार होता, आणि साक्षीदाराची आठवण पक्की असते.

२००३ मध्ये पक्षाघाताने लक्ष्मण यांची डावी बाजू दुबळी झाली. २०१० मधील आघाताने वाणीही अडखळली. न बोलणाऱ्या माणसाच्या निर्मात्यावरच मौन ओढवले, तरी हातातील कुंचला त्यांनी सोडला नाही. २६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताकदिनी, पुण्यात त्यांचे निधन झाले. पद्मविभूषण आणि मॅगसेसे पुरस्कार त्यांना लाभले होते. परंतु पुण्यात आणि मुंबईत ‘कॉमन मॅन’चे पुतळे उभे राहिले, हा सन्मान अधिक बोलका म्हणावा लागेल.

१९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये अवतरलेल्या चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने मराठी घरांना असेच निर्मळ हसू दिले. आज लोकांच्या भावना चटकन दुखावतात आणि व्यंगचित्राची जागाही आक्रसत चालली आहे. अशा वेळी ही परंपरा जपण्याचे काम केवळ संपादकांचे नाही. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिला जातो. आठवड्यातून एकदा तेथे एक चांगले व्यंगचित्र लावावे आणि मुलांना त्याचा अर्थ विचारावा. सत्तेला हसता येते आणि हसताना माणुसकी सोडावी लागत नाही, हे ज्या मुलाला लवकर कळेल, तो पुढे अधिक सुजाण मतदार होईल.