बत्तीसांतला एकटा सभासद

महात्मा जोतिराव फुले यांचे नाव घेतले की भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते, ‘गुलामगिरी’ आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. दरवर्षी ११ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुका निघतात आणि भाषणांत याच गोष्टी सांगितल्या जातात. ते योग्यच आहे. परंतु हेच जोतिराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे क्वचितच कोणी सांगतो. आज आमचे अनेक कार्यकर्ते नगरसेवक म्हणून निवडून येतात. त्यांनी तरी जोतिरावांच्या आयुष्यातले हे पान वाचलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

जोतिरावांचा जन्म १८२७ चा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले हे नाव पडले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीमाईंना शिक्षिका केले आणि त्यापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. १८५२ साली अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या शहरात सार्वजनिक पाणवठ्यावर महार-मांगांना पाऊल ठेवता येत नव्हते, तिथे एका नागरिकाने स्वतःच्या अंगणात पाण्याचा प्रश्न सोडवून दाखवला. नगरपालिकेने जे करायला हवे होते, ते जोतिरावांनी नगरपालिकेत जाण्याच्या आठ वर्षे आधी केले होते.

ही नगरपालिका होती तरी कशी? तेथे लोकांनी निवडून दिलेले कोणी नव्हते. सभासद सरकार नेमत असे. सरदार, सावकार, पेन्शनर अधिकारी, वकील अशा प्रतिष्ठितांची ती सभा होती. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ साली आला आणि त्यानंतर निवडणुकीची वाट मोकळी झाली. पण तेव्हाही मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण असणाऱ्यांनाच होता. गंज पेठेतला माळी, कष्टकरी, महारवाड्यातला माणूस यांनी जकातीच्या रूपाने पैसा भरायचा आणि तो कुठे खर्च व्हावा हे दुसऱ्यांनी ठरवायचे, अशी ती व्यवस्था होती. रहिवाशांचे मत घेतले जाते असे म्हणायचे, पण रहिवासी म्हणजे कोण, हे आधीच ठरलेले असायचे.

अशा सभेत जोतिराव गेले. ते नुसते समाजसुधारक नव्हते. कंत्राटदार म्हणून त्यांनी सार्वजनिक बांधकामांची कामे केली होती. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा संबंध आला होता. सरकारी पैसा कागदावर किती असतो आणि मजुराच्या हातात किती पडतो, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून खर्चाचा ठराव आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, हा पैसा कोणाचा आणि तो कोणाच्या कामी येणार?

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या वेळी. शहर शृंगारून व्हाइसरॉयांचे स्वागत करण्यासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव नगरपालिकेपुढे आला. हे लिटन कोण? महाराष्ट्रात आणि दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीच्या गौरवाचा थाटामाटाचा दरबार भरवणारे, आणि १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा गळा आवळणारे. त्याच दुष्काळात जोतिराव आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी धनकवडीला कॅम्प चालवून भुकेल्या मुलांना जेवू घालत होते. त्या मुलांचे चेहरे पाहिलेला माणूस कमानी-पताकांसाठी हात कसा वर करील? हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी भूमिका जोतिरावांनी घेतली. बत्तीस सभासदांपैकी ठरावाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच होते.

ठराव अर्थातच मंजूर झाला. जोतिराव हरले, असे कोणी म्हणेल. पण आज त्या बाकीच्या एकतीस जणांपैकी किती जणांची नावे पुणेकरांना सांगता येतील? ज्या सरकारने खुर्ची दिली त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताला विरोध करायला केवढे धैर्य लागत असेल, याचा विचार आजच्या पक्षादेशाखाली मान डोलावणाऱ्यांनी करावा.

दुसरा प्रश्न दारूचा. १८८० साली पुण्यात भर वस्तीत दारूची दुकाने वाढू लागली. सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते, पण घरे मोडत होती ती गरिबांची. जोतिरावांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून या दुकानांना विरोध केला. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका एका हाताने पैसा खर्च करते आणि दुसरीकडे त्याच शहराचे आरोग्य व नीती बिघडवणारी दुकाने उघडली जातात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. आज आपल्या वस्त्यांतल्या ज्या मायबहिणी दारूचे दुकान बंद करा म्हणून मोर्चे काढतात, त्यांची वाट जोतिरावांनी एवढ्या आधी घालून दिली आहे.

मंडईच्या इमारतीचा प्रश्न आला तेव्हाही त्यांचा तोच बाणा होता. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारी मंडई हलवून भव्य इमारत बांधायचे ठरले. एवढा मोठा खर्च इमारतीवर करण्यापेक्षा शिक्षणावर करा, असे जोतिरावांचे म्हणणे होते. १८८६ साली ती इमारत रे मार्केट या नावाने उभी राहिली. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. नाव देणे सोपे असते, विचार घेणे अवघड असते, हे या इमारतीकडे पाहून कळते.

शिक्षणाचा हा आग्रह हवेतला नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी पुण्याची स्थिती आकड्यांनिशी मांडली. जातीय द्वेषामुळे महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांच्या शेजारी बसू दिले जात नाही. त्यांची वस्ती पाच हजारांवर, त्यांच्यासाठी शाळा एकच, आणि तिच्यात येणारी मुले तीसहून कमी. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. ज्यांना सभागृहात बोलावले जात नव्हते, त्यांची गणती करून जोतिरावांनी ती सरकारदरबारी नेली. लोकांचे मत ऐकणे म्हणजे दुसरे काय असते?

जोतिराव १८९० साली गेले. त्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनीही नगरपालिकेची ताकद आणि तिचा भित्रेपणा, दोन्ही अनुभवले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी लोकांना घेऊन तो ठराव ओंजळीत उतरवला, तेव्हा सनातन्यांच्या दबावाखाली त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो मागे घेतला. ठराव करणे आणि ठरावाच्या पाठीशी उभे राहणे यांत एवढे अंतर असते.

आज आमच्या हाती जोतिरावांकडे नव्हती अशी साधने आहेत. प्रौढ मताधिकार बाबासाहेबांच्या संविधानाने दिला. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना राखीव जागा दिल्या, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. विकास आराखड्यावर सूचना-हरकती घ्याव्याच लागतात. पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सूचना घेऊन अंदाजपत्रक करण्याचा उपक्रमही सुरू केला. पण या सूचना देतो कोण? आमच्या वस्तीतून किती हरकती जातात? आराखडा लागला, मुदत संपली आणि मग बुलडोझर दारात आल्यावर धावपळ, हे किती दिवस चालायचे? २०२२ पासून राज्यातल्या अनेक महानगरपालिकांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात वस्तीने विचारायचे कोणाला, हा प्रश्न चळवळीने जितक्या जोराने विचारायला हवा होता तितका विचारला नाही.

राखीव जागेवर निवडून गेलेला प्रतिनिधी ही आमच्या संघर्षाची कमाई आहे. त्याने कमानीला हात वर केला की शाळेला, पाण्याला आणि नळाला केला, हे आम्ही सभागृहाच्या दारात उभे राहून पाहिले पाहिजे. अंदाजपत्रक मागवा, वस्तीत बसून वाचा, हरकत लेखी द्या, तिची पोच घ्या. जोतिराव सभागृहात एकटे होते, कारण त्यांच्यामागच्या लोकांना दार बंद होते. आता दार उघडे आहे. आमचा सभासद पुन्हा एकटा पडला, तर तो दोष आमचा असेल.

जय जोती! जय भीम!