अण्णासाहेब किर्लोस्कर : पदकार आणि नाटककार

झाशीच्या तटबंदीतील खंडेराव दरवाजाचे मराठी नाव तेथील नेवाळकर राजवटीची आठवण देते. या राजवटीतील राजे गंगाधरराव नाट्यकलेचे मोठे शौकीन होते व त्यांनी पदरी नाटकशाळा पोसली होती. 1853 मध्ये राजे निवर्तले, 1854 मध्ये संस्थान खालसा झाले आणि त्या रंगभूमीचा आधारच नाहीसा झाला. राजाश्रयावर वाढलेल्या नाट्याचे आयुष्य आश्रयदात्याच्या आयुष्याएवढेच, असा याचा अर्थ. मराठी संगीत नाटकाला याहून दीर्घ आयुष्य लाभले, त्याचे बरेचसे श्रेय बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्याकडे जाते.

अण्णासाहेबांचा जन्म 31 मार्च 1843 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. याच वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गाई, आणि पात्रे त्या अनुरोधाने बहुधा आयत्या वेळी भाषणे करीत. अण्णासाहेब शिक्षणासाठी पुण्यास आले, तेव्हा अशाच नाटकमंडळ्यांना ते पदे रचून देऊ लागले. पुढे बेळगावात त्यांनी शिक्षकाचे काम केले. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील विद्यार्थी. त्यानंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करीत असताना, पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा प्रयोग पाहून त्यांना संगीत नाटकाची प्रेरणा झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. कालिदासाच्या श्लोकांना येथे मराठी पदांचे रूप मिळाले होते. साकी, दिंडी, ओवी, कामदा, लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणाच्या चाली आणि हिंदुस्थानी रागदारी असा विविध साठा त्यांनी वापरला. मात्र खरे नावीन्य चालींपेक्षा गायकाच्या निवडीत होते. सूत्रधाराच्या मुखातील गाणे आता पात्राच्या मुखी आले. दुष्यंत वा शकुंतला स्वतःच्या मनातील भाव स्वतःच गाऊ लागली, आणि वर्णनाचे साधन असलेले पद संवादाचा भाग बनले. अमेरिकन रंगभूमीवर गीत व कथानक यांच्या एकजीवतेचा टप्पा म्हणून 1927 च्या 'शो बोट'चा उल्लेख करतात. दोन्ही परंपरांची वाटचाल स्वतंत्र असली, तरी नाट्यगीताचा मूळ प्रश्न दोहोंकडे एकच दिसतो.

या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर 1882 मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्रा'त सापडते. कथा महाभारतातील असली तरी नाट्यरचना अण्णासाहेबांची स्वतंत्र आहे. त्यातील कृष्ण, बलराम, सुभद्रा व रुक्मिणी एखाद्या मराठी कुटुंबातील माणसांप्रमाणे रुसतात, थट्टा करतात, डाव टाकतात. त्यामुळे पदांची भाषाही घरगुती व प्रसन्न झाली आहे. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि याच वर्षी मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर यांच्या गळ्यांतून ही पदे रंगमंदिराबाहेर घराघरांत पोहोचली.

1884 मध्ये 'रामराज्यवियोगा'चे तीन अंक रंगभूमीवर आले. उरलेले नाटक अपुरेच राहिले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब निवर्तले.

पुढील काळात गायकनटांच्या लोकप्रियतेमुळे पदे लांबत गेली, वन्समोअरची प्रथा वाढली आणि कित्येकदा नाटक मैफलीत हरवले. या दोषाची बीजे किर्लोस्करांच्या पदबहुल 'शाकुंतला'त आहेत, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यांनीच 'सौभद्रा'त पदाला प्रसंगाच्या मर्यादेत ठेवून दाखविले, हेही विसरता येत नाही. देवलांच्या 1899 च्या 'शारदे'ने हाच संयम सामाजिक विषयाकडे वळविला. किर्लोस्कर नाटक मंडळी संस्थापकामागे कित्येक वर्षे चालली. बालगंधर्व 1905 मध्ये तीतच दाखल झाले. झाशीची नाटकशाळा आश्रयदात्यामागे टिकली नाही; किर्लोस्करांमागे मात्र त्यांची पदे, शिष्य आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक उरला होता.